कवितेतली जागा बघायला जाताय? आधी महिना बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की, शाळेत शिकलेल्या कविता आता तिशीत परत वाचायला घेतल्यात, वाचल्या की त्या जागी जावंसं वाटतं, एकदोन ठिकाणी जाऊनही आलो, पण तिथे उभं राहिल्यावर काहीच होत नाही, चार फोटो काढतो, मिसळ खातो आणि घरी येतो. राहायला नाशिकला, तर जवळपास कुठे जावं आणि कसं जावं.

मी इथल्याच एका कॉलेजात बरीच वर्षं मराठी शिकवलं आणि वर्गात कविता समजावून सांगायचा कंटाळा आला की मुलांना बाहेर घेऊन जायचो, पुढे रिटायर झाल्यावरही ते चालूच राहिलं, आता मुलांच्या जागी सगळ्या वयाची माणसं येतात एवढंच. त्यामुळे तुमची ही तक्रार माझ्या फार ओळखीची आहे. जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा असाच कोरडा परत येतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, तुम्ही कवितेतला पत्ता शोधत जाता आणि कवितेत पत्ता नसतोच, असलाच तर उगाच नावापुरता असतो. कवितेत असते ती वेळ. कुठला महिना, पाऊस यायच्या आधी का नंतर, उजेड कुठून येतोय, बघणारा उंचावर उभा आहे का पाण्यात पाय सोडून बसलाय, हे सगळं कवीने ओळींमध्ये टाकलेलं असतं आणि आपण ते सोडून गूगल मॅपवर लोकेशन टाकत बसतो.

सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे कुसुमाग्रजांची 'कणा'. गंगामाई घरात पाहुणी येऊन गेली, भिंत खचली, चूल विझली, ती कविता. बाहेरच्या माणसाला ही गंगा कुठली ते कधीकधी कळत नाही, नाशिककराला सांगावं लागत नाही, आपण गोदावरीला गंगाच म्हणतो, 'गंगेवर जाऊन येतो' म्हणजे घाटावर जाऊन येतो. आता पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की अर्धं गाव होळकर पुलावर पूर बघायला जातं, गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं अशा हिशोबात आपल्याकडे पूर मोजतात, आणि त्या गर्दीतला कोणीतरी हमखास मोबाईलवर 'कणा' टाकतो. पण कविता जरा नीट वाचा, त्यात पूर आहे कुठे? पूर येऊन गेलाय. तो माणूस सरांकडे आलाय तेव्हा बायकोला सोबत घेऊन चिखलगाळ काढायचं आणि पडकी भिंत बांधायचं काम चालू आहे. म्हणजे ही कविता बघायची असेल तर पुराच्या दिवशी पुलावर जाऊन उपयोग नाही, पाणी उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी सराफ बाजार, भांडी बाजार, नाव दरवाजा ह्या भागात पायी फिरा. २००८ ला, २०१६ ला, २०१९ ला असे मोठे पूर आले तेव्हा तिथे काय होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा, दुकानांची शटर अर्धी वर, आतून फावड्याने ओढून रस्त्यावर टाकलेला काळा गाळ, भिजलेल्या वह्या उन्हात पसरलेल्या, आणि कोणी रडत बिडत नाही, सगळे कामात असतात, मध्येच कोणीतरी जोक मारतो. कविता तिथे आहे. आणि तिथे गेलात तर फोटो काढत उभे राहू नका, हातात झाडू घ्या नाहीतर निघा, लोकांचं नुकसान झालेलं असतं. कवितेतला माणूसही सरांकडे पैसे मागायला आला नव्हता हे विसरू नका.

त्यानंतर हवं तर टिळकवाडीत कुसुमाग्रजांचं घर आहे ते बघून या, जवळच आहे. पण कवीचं घर आणि कवितेची जागा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मला विचाराल तर घर कमी महत्त्वाचं. खुर्ची, चष्मा, पेन बघून आदर वाढतो, कविता वाढत नाही. हे माझं मत, बरेच लोक माझ्यावर ह्यावरून रागावतात.

आता पावसाचं बघू, कारण तुमच्यासारखे सगळे पावसाळ्यातच उत्साहात येतात. 'श्रावणमासी हर्ष मानसी' वाचतात आणि शनिवारी गाडी काढून इगतपुरीला जातात. तिथे दिवसभर धुकं, दहा फुटांवरचं दिसत नाही, पाऊस थांबायचं नाव नाही, कांदाभजी खाऊन परत. मग म्हणतात बालकवींचा श्रावण काय दिसला नाही बुवा. दिसणार कसा? 'क्षणात येते सरसर शिरवे, क्षणात फिरुनी ऊन पडे' ह्या ओळीत ऊन आहे! बालकवी धरणगावचे, खानदेशातले, घाटमाथ्याचे नाहीत. त्यांचा पाऊस हा मैदानातला, ढगांच्या मधून मधून ऊन सांडणारा पाऊस आहे. आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की पश्चिमेकडून पूर्वेकडे पन्नास-साठ किलोमीटरमध्ये पाऊस एकदम बदलतो, इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, पुढे सिन्नरकडे अजून कमी. ढग सह्याद्रीला धडकून वर चढतात तेव्हा बहुतेक पाणी तिथेच टाकून देतात आणि हलके होऊन पुढे येतात. त्यामुळे श्रावणातली ती कविता बघायची तर दिंडोरी-वणीच्या रस्त्याला जा, किंवा निफाडकडे, सकाळी दहानंतर, दोन सरींच्या मधल्या वेळात. शेताच्या एका बांधावर पाऊस आणि पलीकडच्या बांधावर ऊन हे तिथे खरंच दिसतं, इंद्रधनुष्याचं तोरण पण सापडतं. इगतपुरी ठेवा आषाढासाठी.

आषाढ म्हटलं की कालिदासाचं मेघदूत आलंच, बायकोपासून दूर पडलेला यक्ष ढगाबरोबर तिला निरोप धाडतो ते काव्य. 'आषाढस्य प्रथमदिवसे' ही ओळ ज्यांना संस्कृतचा एक शब्द येत नाही त्यांनाही पाठ असते आणि आपल्याकडे तर कालिदासाच्या नावाचं कलामंदिरच आहे, तिथे नाटक बघायला जाताना किती जणांच्या डोक्यात यक्ष येतो देव जाणे. यक्षाचा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक असं महामहोपाध्याय मिराशींनी मांडलं आणि तिथे आता कालिदासाचं स्मारकही आहे, जमलं तर जा, पण मेघदूताची खरी मजा एका जागेत नाहीये, ती वाटेत आहे. ढग रामगिरीवरून निघतो, रेवा म्हणजे नर्मदा ओलांडतो, विदिशा, वेत्रवती, मग वाट वाकडी करून उज्जैन, शिप्रा, महाकाल, आणि पुढे पार कैलासापर्यंत. सरळ जाऊ नकोस, उज्जैनकडून वळसा पडला तरी चालेल पण ते बघ, असं यक्ष त्या ढगाला स्पष्ट सांगतो. विरहात जीव चाललाय आणि हा माणूस ढगाला साइटसीइंग सांगतोय! मला वाटतं प्रवासाचा इतका चांगला सल्ला कुणी दिला नसेल, उशीर झाला तरी चालेल पण चांगलं गाव चुकवू नकोस.

तुम्ही पंचवटीच्या जवळ राहत असाल तर भवभूती मात्र चुकवू नका. आठव्या शतकातला नाटककार, मूळचा विदर्भातल्या पद्मपूरचा, त्याचं 'उत्तररामचरित' मराठी भाषांतरात वाचा, संस्कृतची भीती नको. दुसऱ्या अंकात राम पुन्हा एकदा ह्याच भागात, दंडकारण्यात, जनस्थानात येतो, पण आता सीता नाही, तिला त्याने स्वतःच सोडलंय आणि मध्ये बारा वर्षं गेलीत. तो आजूबाजूला बघतो आणि त्याला जागा ओळखूच येत नाही. तिथे हा श्लोक आहे:

पुरा यत्र स्रोतः पुलिनमधुना तत्र सरितां
विपर्यासं यातो घनविरलभावः क्षितिरुहाम् ।
बहोर्दृष्टं कालादपरमिव मन्ये वनमिदं
निवेशः शैलानां तदिदमिति बुद्धिं द्रढयति ॥

म्हणजे पूर्वी जिथे नदीचा प्रवाह होता तिथे आता वाळू आहे, दाट झाडी होती ती विरळ झाली आणि विरळ होती ती दाट, फार दिवसांनी बघितल्यामुळे हे दुसरंच कुठलंतरी रान वाटतंय, पण डोंगर जिथल्या तिथे आहेत आणि ते बघून खात्री पटते की हेच ते.

माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला मी हा श्लोक आधी ऐकवतो, कारण जुनी कविता घेऊन आजच्या जागेवर जाणाऱ्या माणसाचा सगळा प्रॉब्लेम आणि त्याचा तोडगा ह्या चार ओळीत आहे. पंचवटीत जाऊन तुम्ही वड शोधाल, पर्णकुटी शोधाल, आणि सापडेल काय तर सीतागुंफेची रांग, पार्किंगवरून भांडणं, पात्रात ओतलेलं काँक्रीट आणि प्रसादाची दुकानं. नदी आणि झाडं बदलणार हे भवभूतीने बाराशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय, तेव्हा त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. डोंगर बघा. पंचवटीतून आता बिल्डिंगांमुळे ते दिसत नाहीत म्हणून म्हसरूळला चामरलेणीवर चढा, पावसाळा संपल्यावर हवा स्वच्छ असते तेव्हा, सकाळी लवकर. उत्तरेला रामशेज, पलीकडे दक्षिणेला त्रिरश्मी म्हणजे आपली पांडवलेणी, पश्चिमेला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी. भवभूतीच्या डोळ्यासमोर नेमके हेच डोंगर होते असं माझं म्हणणं नाही, नाटकातले डोंगर नाटकातले. पण गावाच्या चारी बाजूंना जी ठेवण आहे ती गाव वसायच्या आधीपासूनची आहे, आणि ती एकदा डोळ्यात बसली की खाली उतरून रामकुंडावर गेलात तरी बिल्डिंगांच्या मागे डोंगर कुठे आहेत ते तुम्हाला न बघता कळतं. मग त्या गर्दीतसुद्धा तो श्लोक चालतो.

ह्याच अंकात अजून एक गोष्ट आहे जी देवळातल्या माहितीत कोणी सांगत नाही. रामाला हे सगळं रान दाखवतंय कोण, तर शंबूक. ज्या शूद्र तपस्व्याला रामाने नुकतंच मारलंय तोच दिव्य रूपात येऊन त्याला सांगतोय की हे दंडकारण्य, हे जनस्थान. हे वाचायचं आणि मग सीतागुंफेपासून पाच मिनिटं चालत काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजाशी जाऊन उभं राहायचं. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथे सुरू झाला, पुढे पाच वर्षं चालला, दरवाजे काही उघडले नाहीत. तरुण शिरवाडकर, म्हणजे पुढचे कुसुमाग्रज, त्या सत्याग्रहात होते. आणि ह्याच जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली आंबेडकरी चळवळीचे शाहीर वामनदादा कर्डक जन्मले, ज्यांची गाणी महाराष्ट्रातल्या वस्त्यावस्त्यांमधे आजही गातात. मी काळारामापाशी मुलांना बाहेरच उभं करतो, आत दर्शनाला ज्यांना जायचंय ते नंतर जातात. दरवाजाच्या बाहेरून ती जागा वेगळी दिसते. काही पालकांना हे आवडत नाही, कवितेच्या सहलीत हे कशाला म्हणतात. मी त्यांना शंबूकाचा उतारा वाचायला देतो.

पांडवलेणीचा विषय निघालाच आहे तर ती पण करून टाका, हायवेवरच आहे, सिटी बस मिळते. बहुतेक लोक वर जाऊन शहराचा फोटो काढतात आणि उतरतात. तीन नंबरच्या लेण्यात जा. तिथे व्हरांड्याच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, दुसऱ्या शतकातला, नातू पुळुमावी राजा असताना आजीने आपल्या मेलेल्या मुलाबद्दल, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल, खोदून घेतलेला. तांत्रिकदृष्ट्या गद्य आहे, पण वाचून बघा, कविताच आहे, तीन समुद्रांचं पाणी ज्याच्या घोड्यांनी प्यायलं असा माझा मुलगा, आणि मग तो कुठल्या कुठल्या डोंगरांचा धनी होता त्याची यादी, विंध्य, पारियात्र, सह्य, मलय, महेंद्र. भाषांतर घरून प्रिंट काढून न्या कारण ब्राह्मी आपल्याला वाचता येत नाही. डोंगरांची यादी मोठ्याने वाचा आणि मग वळून बाहेर बघा, यादीतला 'सह्य' समोर असतो.

त्याच सातवाहनांच्या नावावर हाल राजाची गाथासप्तशती आहे, महाराष्ट्री प्राकृतातली, आणि त्यात आपली गोदावरी 'गोला' म्हणून सारखी येते. जोगळेकरांचं मराठी भाषांतर लायब्ररीत मिळेल. त्यातली एक गाथा माझी सगळ्यात लाडकी, 'भम धम्मिअ वीसत्थो' म्हणून. एक बाई फुलं तोडायला येणाऱ्या धार्मिक बुवाला सांगते, महाराज, आता खुशाल फिरा, तुम्हाला त्रास द्यायचा तो कुत्रा आज मारला गेला, गोदेच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या त्या मस्तवाल सिंहाने मारला. वरवर दिलासा देतेय, पण कुत्र्याला घाबरणारा माणूस सिंह आहे म्हटल्यावर तिकडे फिरकेल काय? ती झाडी तिची आणि तिच्या मित्राची भेटायची जागा आहे आणि बुवा रोज तिथे कडमडतोय. पुढे काव्यशास्त्रवाल्यांनी ध्वनीचं, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचं, उदाहरण म्हणून ही गाथा घासून घासून वापरली. मी सांगायचं कारण वेगळं आहे, ही बहुधा जगातली एकमेव कविता असेल जी वाचून माणसाने त्या जागी जाऊ नये हाच तिचा उद्देश आहे! तरी जायचंच असेल तर नांदूरमध्यमेश्वरला जा, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर, निफाड तालुक्यात. नदीकाठची दाट झाडी, लव्हाळी, पाणथळ अजून तिथे शिल्लक आहे, रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत ते आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत गेलात तर पक्ष्यांनी भरलेलं असतं. सिंह नाहीत पण बिबट्या उसाच्या शेतात असतो, त्यामुळे बाईचं म्हणणं अगदीच खोटं धरू नका आणि अंधार पडायच्या आत निघा.

आता 'औदुंबर'. ही कविता घेऊन सगळ्यात जास्त लोक फसतात. सांगलीकडे कृष्णाकाठी औदुंबर नावाचं दत्ताचं ठिकाण आहे, तिथे जाऊन बालकवींचा झरा शोधणारे मला भेटलेत, नाव सारखं एवढंच. कवितेतल्या गावाला नावच नाही, 'चार घरांचे गाव चिमुकले' एवढंच. पण वेळ आणि उंची बघा. कविता सुरू होते तेव्हा ऐलतट, पैलतट, बेटं, टेकडी, शेतमळे असं सगळं एकदम दिसतंय, म्हणजे बघणारा उंचावर आहे. मग शेतमळ्यातून पांढरी पायवाट निघते आणि ती पायवाट धरून नजर खाली खाली उतरत काळ्या डोहाशी येते, आणि शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. आठ ओळीत टेकडीवरून डोहापर्यंत उतरवलंय. आणि झरा 'निळासावळा' आहे, जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडचे ओढे चहासारखे लाल वाहतात, मार्चनंतर आटतात, तेव्हा पाणी निवळलेलं पण भरपूर आणि कुरण अजून हिरवं असा काळ म्हणजे दसरा ते दिवाळी, फार तर कार्तिक. पेठ, हरसूलकडे जा, कुठलाही ओढा घ्या जिथे डोहावर उंबर झुकलाय, तिकडे असे भरपूर आहेत. पण गाडी डोहाशी नेऊ नका, वर टेकडीवर लावा आणि पायवाटेने कविता जशी उतरते तसे उतरा. जे लोक थेट झाडाखाली जाऊन बसतात त्यांना एक उंबराचं झाड दिसतं, बस.

मी ह्या वेळेच्या गोष्टीवर इतका अडून का बसतो त्याला अजून एक कारण आहे. कवीसुद्धा बऱ्याचदा तिथे बसून लिहीत नाही. इंग्रजीतली ती डॅफोडिलची कविता आपण सगळ्यांनी शाळेत घोकलीय, वर्ड्सवर्थने ती फुलं १५ एप्रिल १८०२ ला बघितली, उल्सवॉटर सरोवराच्या काठी, सोबत बहीण डोरोथी होती, तिने डायरीत त्याचं वर्णन लिहिलं, आणि ह्याने कविता लिहिली दोनेक वर्षांनी, त्यात म्हणतो मी एकटाच भटकत होतो. बहीण गायब! म्हणजे कवितेत आहे ती आठवणीतली जागा. त्याच माणसाने त्या सरोवरांच्या भागाचं गाईडबुक लिहिलं आणि म्हातारपणी १८४४ मध्ये तिकडे रेल्वे यायला लागली तर गर्दी येईल म्हणून विरोधाला उभा राहिला. गर्दी कोणाच्या कविता वाचून येणार होती ते तुम्हीच ठरवा. मला त्याची चेष्टा करायची नाहीये, भंडारदऱ्याला काजवे बघायला येणाऱ्या गाड्यांच्या हेडलाईट बघितल्या की मला पण तसंच वाटतं.

जपानमधला हायकू कवी बाशो १६८९ मध्ये उत्तरेकडे पायी निघाला तो तर खास जुन्या कवितांमधल्या जागा बघायला. त्यालाही तुमच्यासारखाच अनुभव येत होता, अमुक ठिकाण आता ओळखू येत नाही, तमुक दगड गाडला गेलाय. त्याचं म्हणणं भवभूतीच्या बरोबर उलटं आहे, तो म्हणतो डोंगरसुद्धा खचतात, नद्या वाट बदलतात, रस्ते नवे होतात. आणि मग एका हजार वर्षं जुन्या मानल्या जाणाऱ्या शिलालेखासमोर उभा राहून त्याच्या डोळ्यात पाणी येतं की हे तरी राहिलं. दोघांपैकी बरोबर कोण ह्यावर आमच्या ग्रुपमधे पांडवलेणीच्या पायऱ्यांवर दर वेळी वाद होतो.

आपल्याकडे कविता घेऊन चालायची सवय नवीन नाहीये हे पण लक्षात घ्या, वारी दुसरं काय आहे? निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते आणि नाशिक, सिन्नर करत पंढरपूरला जाते, अख्खी वाट अभंगांची. पौषात त्र्यंबकला निवृत्तीनाथांची यात्रा असते तेव्हा गावोगावच्या दिंड्या इकडे येतात. एखाद्या दिंडीबरोबर नाशिक ते त्र्यंबक एवढं जरी चाललात तरी एक गोष्ट कळेल जी वाचून कळत नाही, अभंगाची लय पावलाच्या मापाची आहे. बसून वाचताना जो अभंग सपाट वाटायचा तो चालताना आपोआप बरोबर जागी थांबतो. वारकऱ्याच्या हातात पुस्तक नसतं, सगळं पाठ.

आणि हाच माझा दुसरा सल्ला, कविता पाठ करून जा. मोबाईलवर काढून तिथे वाचलीत तर डोळे स्क्रीनवर आणि डोंगर बाजूला, काही होणार नाही. पूर्ण पाठ होत नसेल तर चार ओळी करा. आणि गेल्या गेल्या म्हणायला लागू नका, अर्धा तास नुसते फिरा, बहुतेक वेळा एखादी ओळ आपली आपण येते आणि ती भलतीच असते, ज्यासाठी गेलात ती नसतेच. चारपाचपेक्षा जास्त लोक नेऊ नका. ब्लूटूथ स्पीकर आणणाऱ्याला बरोबर घेऊ नका. मोठ्या ग्रुपने धबधब्यासमोर कविसंमेलन करणाऱ्या सहली असतात तिकडे मी जात नाही, तिथे प्रत्येकाला स्वतःचीच कविता ऐकवायची असते.

धरणांच्या बॅकवॉटरला सूर्यास्त बघायला तुम्ही जात असालच, सगळं नाशिक जातं. एकदा भंडारदऱ्याला जाताना दया पवारांची 'बाई मी धरण बांधते' वाचून जा, पवार अकोले तालुक्यातलेच आणि भंडारदराही त्याच तालुक्यात. १९२६ साली पूर्ण झालेलं दगडी धरण आहे ते. ह्या कवितेला महिना नाही, ती कधीही चालते, फक्त त्यानंतर भिंतीकडे बघताना प्रत्येक दगड कोणीतरी डोक्यावरून आणलाय हे डोळ्यांपुढून जात नाही. मूड जाईल असं म्हणून काही जण नको म्हणतात. जाऊ दे की.

शेवटचं, जरा लांबचं पण एका दिवसात होणारं. नाशिकरोडहून जळगावची गाडी पकडा. जळगावच्या पुढे भुसावळकडे जाताना भादली नावाचं छोटं स्टेशन लागतं, ५ मे १९१८ ला बालकवी तिथेच रेल्वेखाली सापडून गेले, वय अठ्ठावीससुद्धा पूर्ण नव्हतं. एक्स्प्रेस तिथे थांबत नाही, नुसतं खिडकीतून दिसतं. आणि भादलीच्या जवळच आसोदे, बहिणाबाईंचं माहेर. त्यांची सुगरणीच्या खोप्याची कविता घेऊन जा आणि विहिरीवर वाकलेल्या बाभळी बघत चला, पावसाळ्यात खोपे लटकलेले दिसतात. बरोबर कोणी पक्षीवाला असेल तर तो लगेच सांगेल की खोपा नर बांधतो, मादी नंतर येऊन पसंत करते, त्याला सांगा बरोबर आहे, आणि पुढे चला, पिलं मात्र तीच सांभाळते. मे महिन्यात जायच्या भानगडीत पडू नका, जळगावला पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. पेरणी सुरू असताना जा, जून संपता संपता, बहिणाबाईंच्या कितीतरी कविता शेतातल्या कामांच्याच आहेत आणि तेव्हा ती कामं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चालू असतात. जळगाव स्टेशनवरून आसोद्याला रिक्षा करा, परतीचं भाडं आधीच बोलून ठेवा, आणि दुपारच्या जेवणाला भरीत-भाकरी मिळते का बघा, मात्र खरं भरीत थंडीतलं, ते खायला पुन्हा जावं लागेल.